बायबल आणि चर्चचा इतिहास: गोव्यातल्या मराठी वाचकाने काय वाचावं, कोणत्या क्रमाने

गोव्यात राहून ख्रिस्ती धर्माविषयी मराठीत वाचायचं म्हटलं की हाताशी दोनच गोष्टी लागतात. फेस्ताच्या दिवशी इगर्जेबाहेरच्या टेबलावर मिळणाऱ्या पातळ पुस्तिका, म्हणजे नोव्हेना, प्रार्थना, गोंयच्या सायबाचे म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचे चमत्कार. नाहीतर इन्क्विझिशनवरचे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयावरचे, मोबाइलवर फिरणारे लेख, ज्यांत तारीख असली तर आधार नसतो आणि आधार असला तर पान नसतं. या दोहोंच्या मध्ये सलग बसून वाचण्याजोगी पुस्तकं भरपूर आहेत. ती कोणती आणि कशामागून काय घ्यायचं, एवढंच इथे सांगायचं आहे. वाचणारा ख्रिस्ती असो वा नसो, क्रमात फारसा फरक पडत नाही.

दोन गोष्टी मात्र आधीच पक्क्या करा. मूळ ग्रंथ हातात नसताना त्यावरचं पुस्तक उघडायचं नाही. आणि गोव्याच्या ख्रिस्ती इतिहासावर एकटं पुस्तक कधी घ्यायचं नाही, जोडीनेच घ्यायचं. या जोड्या कशा लावायच्या ते पुढे येईलच.

पहिली पायरी: बायबल निवडणं

बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ मराठीत सगळ्यात सहज मिळतं. त्याची भाषा थोडी जुन्या वळणाची आहे, पण मराठीतली बहुतेक ख्रिस्ती पुस्तकं त्याच्याच शब्दांत वचनं देतात, म्हणून संदर्भ शोधायला तेच सोयीचं. यूव्हर्जनच्या बायबल ॲपवर ते फुकट वाचता येतं. तरीही छापील प्रत घ्याच, कारण अभ्यास करायचा म्हणजे समासात पेन्सिल चालवायची.

दुसरी प्रत आजच्या मराठीतली हवी. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ त्यासाठी घ्या. दिब्रिटो वर्षानुवर्षं ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मराठी वाचकाचा कान त्यांना ठाऊक होता. ज्याने बायबल कधीच उघडलेलं नाही त्याने सुरुवात दिब्रिटोंपासून करावी आणि अडेल तिथे ‘पवित्र शास्त्र’ पाहावं.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर माहीत असावं, जमलं तर पाहावं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झालं. रोजच्या वाचनाला मी ते सुचवणार नाही, पण एखादं वचन तिन्ही भाषांतरांत शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की भाषांतरकाराला कुठे निर्णय घ्यावा लागला ते दिसतं.

घेण्यापूर्वी अनुक्रमणिका मोजा. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट बायबलात ६६. नवा करार दोघांचाही २७ पुस्तकांचा, फरक आहे तो जुन्या करारात. तोबित, युदीथ, मक्काबींची दोन पुस्तकं, ज्ञानग्रंथ, बेन सिराख आणि बारूख ही सात पुस्तकं प्रोटेस्टंट आवृत्तीत नसतात. गोव्यात मिस्सेत वाचलेला उतारा घरच्या बायबलात सापडत नाही म्हणून गोंधळणारे पुष्कळ असतात. बहुधा कारण हेच असतं. दुसरा घोळ स्तोत्रांच्या क्रमांकांचा. आजी-आजोबांच्या पेटीतल्या जुन्या पोर्तुगीज किंवा लॅटिन प्रार्थनापुस्तकात बरीचशी स्तोत्रं एका आकड्याने मागे असतात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे २३वं स्तोत्र तिथे २२वं म्हणून सापडेल.

दुसरी पायरी: पहिल्या पानापासून वाचू नका

उत्पत्तीपासून सुरू करून लेवीय पुस्तकात रुतून बसलेले वाचक गावोगावी आहेत. सुरुवात मार्कपासून करा. १६ अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, एका सुट्टीच्या दिवशी वाचून होतं. ते एका बैठकीतच वाचा, टिपा न काढता.

त्यानंतर लूक आणि लगोलग ‘प्रेषितांची कृत्ये’. ही दोन्ही पुस्तकं एकाच लेखकाची मानली जातात आणि दोन्ही थियफिल नावाच्या एकाच माणसाला उद्देशून लिहिलेली आहेत. ती सलग वाचली की येशूची गोष्ट आणि चर्चची गोष्ट एकमेकांना कुठे जोडली जातात ते कळतं. चर्चच्या इतिहासाचं पहिलं पुस्तक म्हणजे ‘कृत्ये’च. ती न वाचता कोणताही इतिहास हातात घेऊ नका.

मग जुन्या कराराकडे वळा. उत्पत्ती पूर्ण, निर्गम दहा आज्ञांपर्यंत म्हणजे विसाव्या अध्यायापर्यंत, मग रूथ आणि योना. ही दोन्ही चार-चार अध्यायांची आहेत. स्तोत्रं रोज एक. आमोस वाचा, कारण गरिबांना नाडणाऱ्यांवर त्याने केलेला संताप आजही अंगावर येतो. पौलाच्या पत्रांत आधी फिलिप्पैकरांस, नंतर करिंथकरांस पहिलं, आणि रोमकरांस सगळ्यात शेवटी. प्रकटीकरणाला इतक्यात हात लावू नका. त्यातल्या पशूंवर आणि आकड्यांवर यूट्यूबवर जे चालतं ते पाहून तर मुळीच नको.

तिसरी पायरी: मदतीची पुस्तकं, पण गरज पडल्यावरच

मदतीचं पुस्तक कशासाठी लागतं ते एका उताऱ्यावरूनच पाहू. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूममधल्या एका घरी येशू बोलत असतो. दारात गर्दी एवढी की आत शिरायला जागा नाही. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, वर चढतात, छप्पर खणून काढतात आणि त्याला आत सोडतात. हीच गोष्ट लूकच्या पाचव्या अध्यायात वाचा. तिथे ते त्याला कौलांमधून खाली सोडतात. मत्तयच्या नवव्या अध्यायात तोच माणूस आहे, तेच बरं होणं आहे, पण छपराचा उल्लेखच नाही.

मंगळुरी कौलांच्या घरात वाढलेल्या गोंयकाराला लूक चटकन समजतो. चार कौलं सरकवली की झालं काम, पावसाळ्यापूर्वी दरवर्षी कोणीतरी वर चढलेला असतोच. मग मार्क ‘खणलं’ असं का लिहितो? इथे बायबलचा शब्दकोश उघडायचा. पॅलेस्टाइनमधल्या खेडेगावी घराचं छप्पर सपाट असे: तुळया, त्यावर फांद्या, त्यावर मातीचा थर. बाहेरून जिना. असं छप्पर खरोखर खणावं लागतं. लूक ग्रीक जगातल्या शहरी वाचकांसाठी लिहीत होता, त्यांच्या डोळ्यांसमोर कौलारू घर होतं, असा अभ्यासकांचा सर्वसाधारण तर्क आहे. तीन लेखक, एकच प्रसंग, आणि प्रत्येकाच्या मनात वेगळा वाचक. हे एकदा कळलं की शुभवर्तमानं वाचायची रीतच बदलते.

असं काम करणाऱ्या पुस्तकांत जॉन मॅकेन्झी या येशूसंघीय (जेझुइट) अभ्यासकाचा एकखंडी बायबल कोश कॅथलिक वाचकाला उत्तम. तो १९६५चा आहे, म्हणून उत्खननांची माहिती जुनी झाली, पण भाषा मोजकी आणि नेमकी. कसं वाचावं हे शिकवणारं पुस्तक हवं असेल तर गॉर्डन फी आणि डग्लस स्टुअर्ट यांचं ‘हाऊ टू रीड द बायबल फॉर ऑल इट्स वर्थ’. लेखक प्रोटेस्टंट आहेत, पण पत्र कसं वाचायचं, दाखला कसा वाचायचा, कविता कशी वाचायची हे ते ज्या पद्धतीने वेगवेगळं करून दाखवतात ते कोणालाही उपयोगी पडेल. नव्या करारावर खोलात जायचं असेल तर रेमंड ब्राऊन यांची १९९७ची ‘ॲन इंट्रोडक्शन टू द न्यू टेस्टामेंट’. जाडजूड आहे. अथपासून इतिपर्यंत वाचायचं पुस्तक ते नव्हे. एखादं शुभवर्तमान वाचून झालं की त्यावरचं तेवढंच प्रकरण वाचायचं.

विल्यम बार्कले यांच्या नव्या करारावरील भाष्यांचे १७ खंड पाद्री आणि पास्टर दोघांच्याही कपाटात दिसतात. सोपे, गोष्टीवेल्हाळ, प्रवचनाला हमखास उपयोगी. मात्र चमत्कार आले की बार्कले कधीकधी त्यांची फारच समजूतदार कारणं देतात, तेवढं लक्षात ठेवून वाचा. सगळे खंड एकदम घेण्याचं काहीच कारण नाही. मार्कचा घ्या, आवडला तर लूकचा.

चौथी पायरी: आपलं स्वतःचं ‘ख्रिस्तपुराण’

इथे गोव्यातल्या मराठी वाचकाकडे असं काहीतरी आहे जे पुण्या-मुंबईच्या वाचकालाही इतक्या जवळून मिळत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधल्या विल्टशरचा येशूसंघीय पाद्री २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला, बहुतेक काळ साष्टीत. प्रवासाविषयी त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलं गेलं आणि हिंदुस्थानात राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्याचं नाव झालं. पण त्याचं खरं काम १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं: सुमारे ११ हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, त्यांत जुना करार. दुसऱ्यात ५९, त्यांत येशूचं चरित्र. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्या रिकाम्या जागी त्यांच्या कानाला ओळखीचं काहीतरी हवं होतं. स्टीफन्सने ओवी उचलली, पुराणाची घडण उचलली, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं आणि गोष्ट सांगितली बायबलची.

छापलं ते रोमन लिपीत, पोर्तुगीज वळणाच्या अक्षरांनी, जिथे ‘एक्स’ वाचायचा ‘श’ असा. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा निघालं आणि त्यानंतर थेट १९०७ मध्ये मंगळूरला जे. एल. सालढाना यांनी ते संपादित करून छापलं. मधली अडीचशे वर्षं ते हस्तलिखितांवर जगलं. सालढानांची प्रत इंटरनेट आर्काइव्हवर मोफत मिळते, पण ती रोमन लिपीत आहे. देवनागरीत वाचायचं तर शांताराम बंडेलू यांची १९५६ची किंवा कारिदाद द्रागो यांची १९९६ची आवृत्ती. द्रागोंची आधी शोधा. इंग्रजीचा आधार लागत असेल तर नेल्सन फाल्कांव यांचं २०१२चं भाषांतर शेजारी ठेवा.

वाचायचं कसं? ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही ओवी मराठी दिनाच्या भाषणांत इतकी वाजवली जाते की पुष्कळांना ‘ख्रिस्तपुराण’ म्हणजे तेवढीच ओवी वाटते. ती ओलांडून पुढे जा. पहिल्यांदा पहिल्या पुराणातली सृष्टीची आणि आदाम-एव्हेची प्रकरणं घ्या, आणि त्यांच्याआधी उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय पुन्हा वाचा. स्टीफन्स काय वाढवतो याची एक यादी करा. देवदूतांच्या पतनाची गोष्ट तो सांगतो, ती उत्पत्तीत नाही. ती चर्चच्या परंपरेतून आलेली. मग दुसऱ्या पुराणात मरियेला देवदूताचा निरोप आणि येशूचा जन्म, लूकचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून. ओव्या मोठ्याने वाचा, डोळ्यांनी नको. त्या चर्चमध्ये जमलेल्या लोकांना वाचून दाखवण्यासाठीच लिहिलेल्या आहेत, आणि कोंकणीची सवय असलेल्या कानाला मध्येच असे शब्द भेटतात की देशावरचा वाचक तिथे कोश उघडेल आणि तुम्ही हसून पुढे जाल. एका वेळी चाळीस-पन्नास ओव्या पुरे.

स्टीफन्सचाच समकालीन एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच पाद्र्याने संत पेत्रूवर मोठं पुराण रचलं. ते अभ्यासकांनी वाचावं. तुम्ही त्याचं नाव लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं. स्टीफन्सचं कोंकणी व्याकरण १६४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. भाषेची आवड असणाऱ्याला तो वेगळाच खजिना आहे.

मराठीतलं बाकीचं ख्रिस्ती लेखन

हे थोडक्यात, कारण ही पुस्तकं मराठी वाचकाला बहुधा माहीत असतात, फक्त या यादीत त्यांची आठवण होत नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ची कादंबरी विधवांच्या स्थितीवर आहे आणि तिच्यामागे लेखकाचं धर्मांतर आहे. त्यांचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र त्याच्या जोडीला घ्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग आणि त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’, जे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. शाळेत धडा म्हणून वाचली असेल, तरी आता चर्चच्या इतिहासाचं पुस्तक म्हणून पुन्हा वाचा. धर्मांतर घरात कसं घडतं, चुलीपाशी काय होतं, नातेवाईक काय करतात, हे कोणत्याही मिशनच्या अहवालात इतकं स्वच्छ सापडणार नाही. हे सारं महाराष्ट्रातलं, प्रोटेस्टंट मिशनच्या काळातलं आहे. गोव्यातलं धर्मांतर त्याआधीचं आणि वेगळ्या राजसत्तेखालचं. दोन्ही एकात मिसळू नका.

पाचवी पायरी: जगाच्या चर्चचा इतिहास

गोव्याचा इतिहास आधी वाचावासा वाटेल. जरा धीर धरा. ट्रेंटची परिषद, म्हणजे प्रोटेस्टंट बंडाला उत्तर म्हणून कॅथलिक चर्चने भरवलेली धर्मसभा, काय होती हे माहीत नसेल तर सोळाव्या शतकातले पाद्री गोव्यात जे करत होते ते का करत होते ते उलगडणार नाही. ती परिषद १५४५ ते १५६३ चालली आणि गोव्यात पहिली प्रांतिक परिषद भरली १५६७ मध्ये. या दोन तारखा शेजारी लिहून ठेवा.

‘कृत्ये’ संपल्यावर युसेबियसचा चर्चचा इतिहास. चौथ्या शतकातला हा बिशप, छळाच्या काळातून चर्च बाहेर पडताना लिहीत होता. तो सम्राट कॉन्स्टंटाइनचा भाट वाटतो, आणि काही अंशी तो होताही. पण आज हरवलेल्या कितीतरी पत्रांचे आणि ग्रंथांचे तुकडे केवळ त्याच्यामुळे आपल्यापर्यंत आले. नंतर ऑगस्टिनचं ‘कन्फेशन्स’. त्याची पहिली नऊ पुस्तकं आत्मचरित्र म्हणून वाचा, उरलेली चार तत्त्वज्ञान म्हणून, आणि ती कंटाळवाणी वाटली तर अपराधी वाटून घेऊ नका.

आता एक सलग इतिहास. जुस्तो गोन्सालेस यांचं दोन खंडांचं ‘द स्टोरी ऑफ ख्रिश्चॅनिटी’ वाचायला सर्वांत सोपं. गोन्सालेस मूळचे क्युबाचे, त्यामुळे स्पेन आणि पोर्तुगालच्या वसाहती त्यांच्या नजरेआड होत नाहीत. इंग्रज लेखकांच्या इतिहासांत त्या अनेकदा तळटीपेत जातात. डायरमेड मॅकुलक यांचं २००९चं ‘अ हिस्टरी ऑफ ख्रिश्चॅनिटी’ अधिक विद्वत्तापूर्ण, अधिक तिरकस आणि हजारावर पानांचं. दोन्ही नकोत, पहिल्यांदा गोन्सालेस. फक्त पहिल्या काही शतकांतच रस असेल तर हेन्री चॅडविक यांचं छोटं ‘द अर्ली चर्च’ पुरेल.

वाचताना एका कागदावर सनावळी करा: ३२५ निकियाची परिषद, ४५१ खाल्सेदोनची, १०५४ पूर्व-पश्चिम फूट, १५१७ ल्यूथर, १५४५ ट्रेंट, १९६२ दुसरी व्हॅटिकन. उजव्या बाजूला मोकळी जागा सोडा. पुढच्या पायरीत ती भरायची आहे.

सहावी पायरी: भारत आणि गोवा, जोडीजोडीने

त्या मोकळ्या जागेत पहिल्यांदा काय लिहायचं? १५४२, फ्रान्सिस झेवियर गोव्यात. १५६०, इन्क्विझिशन सुरू. मधली काही वर्षं वगळता ते १८१२पर्यंत चाललं. १५८३, कुंकळ्ळी. १५९९, उदयंपेरूर. १६१६, ‘ख्रिस्तपुराण’. १६५३, कुनन क्रूस, म्हणजे केरळातल्या ख्रिस्ती लोकांनी पोर्तुगीज पाद्र्यांविरुद्ध घेतलेली शपथ. १६८४, कोंकणीविरुद्धचा फतवा. १७५९, येशूसंघीयांची हकालपट्टी. २०१५, बाणवलीचे जुझे वाझ संत. यातल्या प्रत्येक तारखेवर निदान दोन बाजूंनी लिहिलं गेलं आहे, म्हणून जोड्या.

पहिली जोडी भारताची. स्टीफन नील यांचं दोन खंडांचं ‘अ हिस्टरी ऑफ ख्रिश्चॅनिटी इन इंडिया’. पहिला खंड १९८४चा, आरंभापासून १७०७पर्यंत. नील अँग्लिकन बिशप होते, लिहितात झकास, पण खुर्ची इंग्रजांची. त्याच्याशेजारी चर्च हिस्टरी असोसिएशन ऑफ इंडियाच्या मालिकेतला ए. मथायस मुंडाडन यांचा पहिला खंड, जो सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा आहे, आणि जोसेफ थेक्केडाथ यांचा त्यापुढचा. मुंडाडन केरळचे. प्रेषित थोमासच्या परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांची गोष्ट आतून सांगतात. गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी १५९९ मध्ये उदयंपेरूरला भरवलेली धर्मसभा दोन्हीकडे वाचा. गोव्याहून गेलेला माणूस केरळातल्या शतकानुशतकं जुन्या चर्चला रोमच्या साच्यात बसवू पाहतो, हे गोव्यातल्या वाचकाला अंतर्मुख करणारं प्रकरण आहे.

दुसरी जोडी झेवियरची. जॉर्ज शुरहॅमर या जर्मन येशूसंघीय पाद्र्याने त्यांचं चार खंडांचं चरित्र लिहिलं आणि त्यासाठी आयुष्य घातलं. ते सलग वाचण्याचा हट्ट धरू नका, गोव्यापुरती प्रकरणं काढून वाचा. त्याबरोबर झेवियरची स्वतःची पत्रं, जोसेफ कॉस्टेलो यांच्या इंग्रजी भाषांतरात. १५४६ मध्ये अंबोइनाहून पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात झेवियर गोव्यात इन्क्विझिशन पाठवण्याची मागणी करतात. ते आलं त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये. या पत्रावर एक बाजू बोलायला तयार नसते आणि दुसरी बाजू दुसरं काहीच बोलत नाही. तुम्ही पत्र वाचा, आणि त्याच्या मागचीपुढचीही वाचा: मासेमारी किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांवर तेच झेवियर किती चिडले होते ते तिथे दिसेल.

तिसरी जोडी इन्क्विझिशनची. गोव्यातल्या मराठी वाचकाने अ. का. प्रियोळकर वाचलेच पाहिजेत. १९५१च्या कारवार साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, प्रियोळचे विद्वान. त्यांचं ‘द गोवा इन्क्विझिशन’ १९६१ मध्ये निघालं. त्यात चार्ल्स देलाँ या फ्रेंच डॉक्टरचा वृत्तान्तही आहे. देलाँला दमणमध्ये पकडून गोव्याच्या कोठडीत ठेवलं होतं आणि त्याचं पुस्तक १६८७ मध्ये युरोपात आलं. गोव्याच्या इन्क्विझिशनचं बहुतांश दफ्तर नष्ट झालं आहे, म्हणून देलाँवर फार मोठा भार पडतो. एका कैद्याची साक्ष एवढ्या वजनाखाली कशी वाकते ते वाचतानाच तपासा. जोडीला देलियु द मेंदोन्सा यांचं २००२चं ‘कन्व्हर्जन्स अँड सिटिझन्री’. लेखक येशूसंघीय, विषय १५१० ते १६१० या शंभर वर्षांतली धर्मांतरं. आणि जमलं तर रोवेना रॉबिन्सन यांचं १९९८चं दक्षिण गोव्यातल्या ख्रिस्ती जीवनावरचं पुस्तक, ज्यात गाव, जात, गांवकारी (गावच्या सामायिक जमिनीची व्यवस्था) आणि फेस्त यांतून धर्मांतरानंतरही काय टिकलं ते दिसतं. तिन्ही वाचल्यावर जबरदस्ती की स्वेच्छा हा वादाचा आवडता प्रश्न फारच तोकडा वाटू लागतो. जमीन, हक्क, नोकरी, वारसा, भीती आणि श्रद्धा, सगळं एकाच घरात नांदत होतं.

कुंकळ्ळीसाठी वेगळं पुस्तक नाही शोधलंत तरी चालेल, वरच्या पुस्तकांच्या सूचीत तो शब्द पाहा. जुलै १५८३ मध्ये तिथे पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांत रुदोल्फ आक्वाविव्हा होते, जे त्याआधी अकबराच्या दरबारात राहून आले होते. त्यानंतर बोलणी करायला बोलावलेल्या गांवकारांना पोर्तुगीजांनी मारलं. कोणतं पुस्तक पहिल्या घटनेवर थांबतं आणि कोणतं दुसरीपासून सुरू होतं, एवढं नोंदवलंत की लेखक कळला.

सातवी पायरी: कुठे मिळेल, आणि आत काय तपासायचं

पहिला पत्ता पणजीतल्या पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय. त्याचं मूळ १८३२पर्यंत जातं. गोव्याच्या इतिहासाचा संग्रह तिथे वेगळा आहे, त्यातली जुनी पुस्तकं घरी मिळत नाहीत, तिथेच बसून वाचायची. जाताना चिठ्ठीवर लेखक, संपादक आणि साल लिहून न्या. ‘ख्रिस्तपुराण द्या’ म्हटलं तर कोणती आवृत्ती हातात येईल सांगता येत नाही. पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये इतिहासाची पुस्तकं जास्त खोलात मिळतात. फोन करून, वेळ विचारून जावं. फोन्सेका यांचं जुन्या गोवे शहरावरचं १८७८चं पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर आहे. ओल्ड गोव्याला सहलीला निघण्याआधी ते चाळलं तर गाइडची निम्मी बडबड वगळता येते.

कॅथलिक पुस्तक घेताना शीर्षकपानाच्या मागे ‘इम्प्रिमातुर’ हा शब्द आणि बिशपचं नाव आहे का पाहा. त्याचा अर्थ एवढाच की चर्चच्या शिकवणीविरुद्ध त्यात काही आढळलं नाही. इतिहास बरोबर आहे याची ती हमी नव्हे. ‘ख्रिस्तपुराण’ही छापण्याआधी इन्क्विझिशनच्या परवानगीतून गेलं होतं. याउलट, कोणाचीच परवानगी नसलेलं पुस्तक आपोआप धाडसी आणि खरंही होत नाही. मागे सूची आहे का, तळटीपांत मूळ कागदाचं नाव आणि पान आहे का, हे पाहा. दोन्ही नसतील तर ते ग्रंथालयातून आणा, विकत घेऊ नका.

वही एकच ठेवा. डाव्या पानावर बायबलचं वचन किंवा इतिहासातली तारीख, उजवीकडे कोणत्या पुस्तकात काय म्हटलंय ते, पानाच्या क्रमांकासह. आपलं मत वेगळ्या शाईने. चार-पाच जण जमत असतील तर उत्तमच, पण मंडळात एक तरी माणूस दुसऱ्या धर्माचा किंवा दुसऱ्या पंथाचा असू द्या. सगळे एकाच इगर्जेचे असले की कोणी प्रश्न विचारत नाही, आणि सगळे बाहेरचे असले की उत्तर कोणाकडेच नसतं.

राहिला पाऊस. जूनपासून पुस्तकांना बुरशी धरते, जुन्या कागदाला आधी. काचेच्या बंद कपाटापेक्षा हवा खेळती असलेली फळी बरी, भिंतीपासून चार बोटं पुढे. ऊन पडलं की पुस्तकं सावलीत उभी उघडून ठेवा, थेट उन्हात नको. घरात आजीच्या काळातलं एखादं हस्तलिखित किंवा रोमी लिपीतली पोथी सापडली, तर तिला टेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. पानं जशीच्या तशी सुती कापडात गुंडाळा, मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढा आणि ग्रंथालयातल्या जाणकाराला दाखवा.